अकरा किलोचा संगणक

“ही एवढीशी ट्रंक? बाहुलीचं लगीन हाय का कुठं?”

अण्णांनी माझा कागद हातात उलटा धरला होता.

“आधी सुलटा धरा तो.”

“सुलटा धरला तरी बाहुलीचंच की.” त्यांनी कागद फिरवला, डोळे बारीक केले. “आन् झाकण खाली पडतंय व्हय रं? तीस वर्षं ट्रंका ठोकतोय मी. झाकण वर उघडतंय. खाली पडणारं झाकण म्हंजे बैलगाडीची फळी झाली.”

“तसंच पाहिजे. खाली पडलेल्या झाकणावर कळफलक बसणार. आत डाव्या बाजूला छोटा टीव्ही, उजव्या बाजूला बॅटरी, वरच्या कप्प्यात टेप.”

“म्हंजे त्या भंगारासाठी?”

“भंगार नाही ते. कॉम्प्युटर आहे.”

“भंगारवाल्याकडनं आणला न्हवं?”

“हो.”

“मग झालं की.”

आमचं दुकान बार्शीत, पत्र्याच्या ट्रंका करणाऱ्यांच्या गल्लीत. लग्नाच्या ट्रंका, बोर्डिंगात जाणाऱ्या पोरांच्या ट्रंका, फौजेतल्यांच्या काळ्या ट्रंका. सकाळी आठ वाजता गल्लीत ठोकाठोकी सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची. माझ्या कानात अजून ती वाजते, आणि खरं सांगतो, मला ती कधीच आवडली नाही. बारावीला दोनदा गटांगळी खाल्ल्यावर मी दुकानात न बसता चौकातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलो. अण्णांनी तेव्हा फार काही म्हटलं नाही. पण ही गोष्ट घडली त्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला, हातोडा वर जाईना झाला आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं, “दिवाळीपासून दुकानात बसायचं. खेळ झाला तेवढा पुरे.”

खेळ म्हणजे माझा कॉम्प्युटर. एका इंग्रजी शाळेनं भंगारात काढलेला. लांबून पाहिलं तर नुसता रबरी कळींचा फलक, पण सगळा संगणक त्या फलकाच्या पोटातच. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची. तो चार मिनिटं किर्रर्र करत प्रोग्राम गिळायचा. आई म्हणायची, “मांजर चुलीवर बसल्यागत ओरडतंय.” शाळेतल्या शिक्षकांना तो बंद पडलाय असं वाटलं होतं. बंद-बिंद काही नव्हता, आतली एक तार सुटली होती. डिग्र्या घेतलेल्या चार जणांनी तो पाहिला असणार आणि एकानंही स्क्रू उघडला नसणार. अशा लोकांची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे. मी एक जुनं इंग्रजी पुस्तक शब्दकोशाच्या जिवावर वाचून त्याची भाषा शिकलो. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळं हे तुला जमायचं नाही असं सांगायलाही कुणी नव्हतं.

तो ट्रंकेत बसवायची वेळ आली ती देवस्थळी साहेबांमुळं. धामणवाडीच्या माळावर पाणी अडवायला बांध घालणारी एक संस्था होती, तिचे ते मुख्य. मी कामाला होतो त्या टीव्हीच्या दुकानात रेडिओ घेऊन आले आणि खुर्चीवर बसून वैतागानं बोलत राहिले. माळावर दिवसभर दुर्बिणीतून उंच-सखल मोजायचं, आकडे वहीत लिहायचे, रात्री गावात कंदिलापाशी हिशोब करायचा आणि सकाळी कळायचं की कालचा एक आकडा चुकलाय. परत माळावर. परत पहिल्यापासून.

“जागेवरच हिशोब झाला तर?” मी रेडिओत डोकं घालूनच विचारलं.

“जागेवर? माळावर वीज कुठंय?”

“वीज मी आणतो. हिशोब करणारं यंत्रही आणतो.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बावीस वर्षांचा, कळकट शर्ट, पायात तुटकी चप्पल. हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊन या. चाललं तर कामावर घेतो तुम्हाला. नाही चाललं तर माझा एक तास गेला आणि तुमची चक्कर गेली.”

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘तुम्ही’ म्हणालं होतं. चाललं तर धामणवाडी, नाही चाललं तर दिवाळीपासून हातोडा. गणित इतकं सोपं होतं. दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या एका जाड मासिकात मी एक फोटो पाहिला होता. परदेशातला कुणी साहेब मांडीवर घडीचा संगणक उघडून बसलेला. तसला मी स्वतः करणार होतो. मोटारसायकलची बॅटरी, गिऱ्हाइकानं दोन वर्षं न नेलेला पाच इंची टीव्ही, मोडका टेप, सगळं जमवलं. फक्त पेटी नव्हती. पेटी करणारा माणूस घरात होता आणि त्याच्यापुढं मला नाक घासायचं नव्हतं. शेवटी घासलं.

अण्णांनी तोंड वाकडं करत करत पेटी केली, पण काय केली! कडा आत वळवून हातोडीनं अशा बसवल्या की बोट फिरवलं तरी चरा उमटू नये. मागं भोकं पाडली ती नुसती भोकं नाहीत, ओळीत, मधलं मोठं, कडेची लहान. “आतलं तापतंय म्हणालास न्हवं? मग गरम वारं वरनं जाणार. खालनं बी वाट ठेवलीय, थंड आत यायला.” हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं. पत्र्याला वीज लागू नये म्हणून मी आतून सायकलची ट्यूब चिकटवली, तर म्हणाले, “चिकटवून न्हाई टिकायची, रिबिट मार.” आणि स्वतःच मारले. सगळं झाल्यावर पेटी जमिनीवर ठेवून ते तिच्यावर उभे राहिले. साठीचा माणूस, खांदा धरलेला, एका पायावर.

“उतरा खाली!”

“आतलं भंगार आसंल,” ते वरूनच म्हणाले, “पेटी माझी हाय.”

सगळं सामान भरून वजन केलं. अकरा किलो. मांडीवर ठेवला असता तर मांडीच राहिली नसती. पण सुरू केला आणि त्या पाच इंची काचेत निळसर अक्षरं उमटली, तेव्हा मी गल्लीत एकटाच नाचलो. हे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

खंडेनवमी आमच्या गल्लीत दसऱ्याहून मोठी. त्या दिवशी हत्यारं धुवायची, फळीवर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. अण्णा याबाबतीत भारी कडक. एकदा नवरीचा बाप रडकुंडीला येऊन ट्रंकेचा कोयंडा बसवून द्या म्हणत होता, रात्री पाठवणी होती. अण्णांनी त्याला चहा पाजला, नवी ट्रंक तशीच उसनी दिली, पण हातोडा उचलला नाही.

त्या खंडेनवमीला सकाळी मी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातल्या पूजेला गेलो होतो. दुपारी पेढे घेऊन घरी आलो. दुकानाच्या दारात पाय ठेवला आणि पेढे हातातून पडले.

फळीवर ऐरण, मोगरी, कात्री, छन्न्या, पकडी ओळीनं मांडलेल्या. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यांच्या पुढं, माझी पेटी. झाकण उघडं. टीव्हीला झेंडूची माळ. काचेवर कुंकवाचा मळवट. आणि कळफलकावर एकेका कळीला ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचा ठिपका. चाळीस कळी, चाळीस ठिपके. वरून फुटक्या नारळाचं पाणी शिंपडलेलं. ते कळींच्या फटींतून आत चाललं होतं.

अण्णा हात जोडून उभे होते. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध.

“हे काय केलंत?”

“पूजा.”

“पाणी ओतलंत त्याच्यात?”

“ओतलं न्हाई. शिंपडलं. सगळ्यांवर शिंपडलं.”

मी पुढं झालो. त्यांनी हात आडवा घातला. “पूजेतलं हाय. उद्या सकाळपातूर हलवायचं न्हाई.”

मी तो हात झटकला. धरलेल्या खांद्याचा हात. ते कळवळले, तरी मी थांबलो नाही. आणि मग मी तो गाढवपणा केला, जो करू नका म्हणून मी गिऱ्हाइकांना रोज सांगायचो. ओल्या यंत्राचं बटण दाबलं. काच उजळली आणि त्यावर आपोआप आकडे धावायला लागले. सात सात सात सात सात. अख्खा पडदा सातांनी भरला. मी बॅटरीची तार उपटली.

“संपलं,” मी म्हणालो. “परवा साहेब बघणार होते. संपलं सगळं. ट्रंका ठोकणाऱ्या माणसाला यातलं काय कळणार? हातात येईल ते ठोकायचं, नाहीतर कुंकू फासायचं!”

हे मी मोठ्यानं बोललो. शेजारच्या दुकानांतून माणसं पाहत होती. अण्णांच्या व्यवसायबंधूंसमोर, अण्णांच्या दारात, सणाच्या दिवशी. मी काही लपवत नाही. बोललो ते असंच बोललो.

जोडलेले हात अण्णांनी सोडले आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना झालं.

मी पेटी उचलून मागच्या अंगणात नेली. उघडली. आतली मुख्य सर्किटची पाटी कडेनं थोडी भिजली होती. ती ब्रशनं साफ केली, उन्हात ठेवली. ती वाचणार होती. खरा घोळ कळींच्या खाली होता. तिथं प्लॅस्टिकचे दोन पातळ पापुद्रे असतात, त्यावर शाईसारख्या धातूच्या बारीक रेघा. कळ दाबली की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. त्या पापुद्र्यांत हळद आणि नारळाचं पाणी मिळून पिवळा चिकटा झाला होता. मी कापसाला स्पिरिट लावलं आणि घसाघसा पुसलं. कापूस पिवळा झाला. मग करडा झाला. तेव्हा मला कळलं की हळदीबरोबर रेघाही पुसल्या गेल्यात.

पाण्यानं मेलं नव्हतं ते. नुसतं साध्या पाण्यानं धुऊन वाळवलं असतं तर बहुतेक जगलं असतं. मारलं मी, रागात, माझ्या त्या हुशार हातांनी. अंगणात मी एकटाच होतो. कापसाचा बोळा मी भिंतीपलीकडं फेकून दिला.

“काय झालंय त्याला?”

अण्णा मागं येऊन उभे होते.

“कळी मेल्या. चाळीसच्या चाळीस.”

“दुसऱ्या मिळत्यात?”

“मुंबईत. पंधरा दिवसांनी. कदाचित.”

ते उकिडवे बसले. पापुद्रा हातात घेतला, उन्हात धरला, वास घेतला. “ह्ये करतंय काय पण?”

“दोन तारा टेकवतं. बाकी काही नाही. कळ दाबली की टेकायच्या, सोडली की सुटायच्या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग टिकटिकीवाणी झालं की.”

मला समजलं नाही. ते उठून आत गेले आणि जत्रेत विकायला कातरणातून करतात तसला पत्र्याचा बेडूक घेऊन आले. पोटाखालची पट्टी अंगठ्यानं दाबली. टिक्. सोडली. टिक्.

“दाबली की टेकली, सोडली की सुटली,” अण्णा म्हणाले. “खाली तुझी तार ठेव.”

मी त्या बेडकाकडं पाहत राहिलो. इतकं सोपं होतं की मला राग आला.

“चाळीस करायला आठवडा जाईल.”

“चाळीस लागत्यात?”

मी मोजलं. आकडे दहा. एंटर एक. खोडण्यासाठी एक. कॅसेट चढवायला तीन. “पंधरात भागेल.”

अण्णा दुकानात गेले. मी मागोमाग. ते पूजेच्या फळीसमोर उभे राहिले, एक क्षण डोळे मिटले आणि वाकून कात्री उचलली. तिच्यावरचं झेंडूचं फूल काढून त्यांनी ऐरणीवर ठेवलं.

आई दारातून ओरडली, “अहो! पूजेतली हाय ती!”

“हाय.”

“खंडेनवमी हाय आज!”

“देवाला मी समजावतो. तू शेगडी पेटव.”

तीस वर्षांत आमच्या दुकानातून त्या दिवशी ठोकल्याचा आवाज बाहेर गेला नव्हता. त्या दुपारी गेला. समोरचे शंकरप्पा पायरीवर आले, “काय ओ, घरात कोण आजारी हाय का?” म्हणाले. अण्णांनी मान वर केली नाही.

आम्ही दोघं शेजारी बसलो. ते पत्र्याच्या पट्ट्या कापायचे, मधोमध छन्नीनं हलका खोलगट ठोका द्यायचे. तो ठोका नेमका बसला तरच पट्टी टिक् करते. कमी पडला तर वाकते, जास्त पडला तर उलटी बसते. पहिल्या चार वाया गेल्या. पाचवी वाजली. खांदा वर जात नव्हता म्हणून ते कोपर गुडघ्याला टेकवून ठोकत होते. मी प्लायवूडच्या तुकड्यावर पट्टीखाली खिळा बसवायचो आणि खिळ्याला तार. त्यांचा डाख देण्याचा तांब्याचा जाड खुंट शेगडीत तापत होता, माझी सोल्डरिंगची बारीक लेखणी विजेवर. दोघं एकच काम करत होतो आणि इतकी वर्षं मला ते दिसलं नव्हतं.

“तुझी तार हलतीया,” ते मध्येच म्हणायचे.

“नाही हलत.”

“हलतीया. परत डाख दे.”

हलत होती.

दिवे लागेपर्यंत नऊ कळी झाल्या. दसऱ्याच्या सकाळी आणखी सहा. उत्तरपूजेला फळीवर अर्धीच हत्यारं होती. बाकीची आमच्या मांडीशी पडलेली. सोनं वाटायला गल्लीतली माणसं आली तेव्हा अण्णा पंधरावी पट्टी कानाशी धरून वाजवत होते.

जोडलं. सुरू केलं. मी एक दाबला, एक उमटला. आठ दाबला, आठ उमटला. प्रत्येक आकड्याला टिक्. सातला जरा जोरात.

दुपारी जेवताना अण्णा हात धुवायला बाहेर गेले, तशी आई माझ्या ताटात पोळी टाकत म्हणाली, “वीस वर्षं मी मागं लागलीय, माझं शिलाई मशीन पूजेत ठेवा. अर्ध्या गल्लीची पोलकी शिवते मी त्याच्यावर. तर म्हणायचे, ते काय हत्यार हाय व्हय, बायकांचा इरंगुळा. जे पोट भरतंय तेच पूजेत बसंल.” तिनं तव्यावरची पोळी उलटली. “आन् काल पहाटं उठून तुझी पेटी स्वतः उचलून आणली. अकरा किलो. त्या खांद्यानं. ऐरण मागं सरकवून मधी जागा केली. मी म्हटलं, अहो, ते खेळणं. तर माझ्यावरच खेकसले. खेळण्याला कोण कुंकू लावतंय का, म्हणाले.”

हातातला तुकडा ताटात ठेवून मी अण्णा गेले त्या दाराकडं पाहिलं.

“माझं मशीन अजून कोपऱ्यातच हाय,” आई म्हणाली. “ते बी लक्षात ठेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीला मी पेटी घेऊन उभा होतो, तर अण्णा कोट घालून मागं आले. खिशात पक्कड.

“तुम्ही कशाला?”

“पट्टी बसली तर कोण उठवणार? तू?”

कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट काढा. अण्णा म्हणाले, “सामान न्हाई. यंत्र हाय.” कंडक्टर म्हणाला, यंत्राचंही काढा. काढलं.

गावाबाहेर पडल्यावर मी खिडकीकडं तोंड करून बोललो, “अण्णा, त्या रेघा तुमच्या पाण्यानं गेल्या नाहीत. मी स्पिरिटनं पुसल्या. माझी चूक.”

ते समोरच्या सीटच्या दांडीकडं पाहत होते. “मला वास आला हुता स्पिरिटचा.”

“मग बोलला का नाही?”

“तू बोलतूस का बघत हुतो.” मग म्हणाले, “दोन दिस लावलंस.”

“आणि ते दारात बोललो ते...”

“ते ऱ्हाऊ दे आता. पेटी सांभाळ, गचका बसतोय.”

धामणवाडीचा माळ म्हणजे नुसते दगड आणि कुसळं. देवस्थळी साहेब दुर्बिणीपाशी उभे होते. सोबत फडतरे म्हणून त्यांचा सुपरवायझर, डिप्लोमावाला, डोळ्यांवर गॉगल. त्यानं ट्रंक पाहिली.

“मुक्कामाला आलात का? आत कपडे आहेत वाटतं.”

मी झाकण खाली पाडलं. पत्र्याच्या पट्ट्या उन्हात चमकल्या. फडतरेनं गॉगल वर केला. “हा कॉम्प्युटर? आमच्या कॉलेजात एसीत ठेवायचे, बूट काढून आत जायचो.”

“म्हणून तुम्हाला बूटच तेवढे काढता येतात,” मी म्हणालो. साहेब खोकले. मला वाटतं हसले असावेत.

टेपवर कॅसेट लावली. माळावर किर्रर्र घुमायला लागलं तशा दोन शेळ्या पळाल्या. चार मिनिटं सगळे टेपकडं बघत उभे. प्रोग्राम चढला. अण्णांनी कोट काढून पडद्यावर सावली धरली, नाहीतर उन्हात अक्षरं दिसेनात. साहेब दुर्बिणीतून आकडा सांगायचे, मी दाबायचो. टिक् टिक् टिक्. फडतरे त्याच्या वहीत तोच हिशोब करत होता. तिसऱ्या जागेला सातची पट्टी बसली ती उठेना. मी घाबरलो. अण्णांनी एका हातात कोट तसाच धरून दुसऱ्या हातानं पक्कड काढली, पट्टीच्या पोटात एकदा टोचली. टिक्.

“चालू दे,” म्हणाले.

दुर्बीण दुसऱ्या टेकाडावर नेली. आणखी चार जागा झाल्या. शेवटचा आकडा पडद्यावर आला आणि फडतरे हसला.

“चुकलं. माझ्या वहीत फूटभर फरक येतोय. साहेब, पत्र्याच्या डब्यावर बांध घालणार का आपण?”

प्रोग्राम माझा, एकट्यानं लिहिलेला, कुणी न तपासलेला. साहेबांनी हात पुढं केला, वही घेतली आणि दगडावर बसून पेन्सिलनं पहिल्यापासून आकडेमोड केली. अण्णांचा कोट धरलेला हात हळूहळू खाली येत होता. तो धरलेल्या खांद्याचा हात होता. मी दुसरीकडून कोट पकडला.

“फडतरे,” साहेब म्हणाले, “दुर्बीण इकडं आणल्यावर तिची नवी उंची धरलीत का?”

फडतरेनं गॉगल डोळ्यांवर ओढला.

“डबा बरोबर आहे. तुमच्या आकड्यानं बांध घातला असता तर सगळं पाणी त्या कोपऱ्यातून फुटून गेलं असतं.” ते उठले, पेटीपाशी आले, स्वतः एक कळ दाबून पाहिली. परत दाबली. “कळफलक असा कुठं मिळाला?”

“यांनी केला,” मी म्हणालो. “हे माझे वडील. पेटीही यांचीच. वारा खालून आत येतो आणि वरून बाहेर जातो, तेही यांनीच काढलं. मी आतलं जोडलं.”

साहेबांनी अण्णांना नमस्कार केला. अण्णांच्या हातात कोट आणि पक्कड, त्यामुळं त्यांनी मान हलवली.

“मग ठरलं. पण राहायला इथंच लागेल,” साहेब मला म्हणाले. “आठवड्यातून एक दिवस घरी. सहा महिने तरी. जमेल?”

मला हो म्हणायचं होतं. दोन वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. पण दिवाळी अडीच-तीन आठवड्यांवर होती. मी अण्णांच्या खांद्याकडं पाहिलं.

“येतोय त्यो,” अण्णा म्हणाले. “सोमवारी धाडतो.”

“तुमचं दुकान आहे ना? मदतीला कोणी?”

“दुकान माझं हाय. ह्याचं ह्ये हाय.” त्यांनी पायानं पेटीकडं दाखवलं, मग चटकन वाकून जिथं पाय लागला होता तिथं हात लावून डोळ्यांना लावला.

तीस वर्षं झाली या गोष्टीला. त्यानंतर मी बरीच कामं केली, बऱ्याच साहेबांशी भांडलो, काही नोकऱ्या लाथाडल्या, काहींनी मला लाथाडलं. अण्णांनी आणखी नऊ वर्षं दुकान चालवलं, एक माणूस ठेवून. पण मला सांगायची आहे ती त्या दिवसाची परतीची एसटी.

गाडीत जागा होती. पेटी आमच्या दोघांच्या पायांत. मग अण्णांनी गुडघ्यानं मला ढोसलं.

“त्यात चालतंय काय रं नेमकं?”

माझ्या कामाबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी सांगायला लागलो. आत फक्त दोनच गोष्टी असतात, वीज आहे नाहीतर वीज नाही, आणि त्यातूनच सगळे आकडे तयार होतात, आठ तारा शेजारी शेजारी धरल्या की... मी हातवारे करत होतो, तिकिटाच्या पाठीवर रेघा मारत होतो. पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बघत होती. अण्णा एकटक ऐकत होते, मध्ये मध्ये “बरं” म्हणत होते. दोन गावं मागं पडली.

“कळलं का?” मी विचारलं.

“न्हाई.”

मी तिकीट खाली ठेवलं.

“थांबलास का?” अण्णांनी सीटवर मांडी घातली आणि माझ्याकडं तोंड करून नीट बसले. “परत सांग. बार्शी यायला अजून तासभर हाय.”

मी नवीन तिकीट मागायला कंडक्टरला हाक मारली, रेघा मारायला. तो म्हणाला, तिकिटं फुकट नसतात. अण्णांनी खिशातून स्वतःचं तिकीट काढून दिलं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.